दुखणं ज्याचं, नाव त्याचं

"बाई, बाहेर दोन दत्तू आन् एक गंगाराम बसलाय. दत्तू ताजे हायत, गंगाराम जुना."

कळंबच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून बसले त्या पहिल्याच सकाळी भाऊ कंपाउंडरांनी मला ही वर्दी दिली. बाहेर डोकावले तर तिन्ही बायका. दत्तू म्हणजे पोटातला गॅस आणि गंगाराम म्हणजे गुडघा, हे कळायला मला दुपार झाली.

भाऊंनी माझ्या आधीच्या डॉक्टरांच्या हाताखाली उभा जन्म काढला. त्यांच्याकडूनच भाऊंना कधीतरी कळलं, की पार्किन्सन हे आजार शोधणाऱ्या साहेबाचं नाव. भाऊ भडकले. "साहेबानं नुस्तं बघितलं आन् नाव साहेबाचं? ज्याचे हात थरथरले त्यो गेला कुटं?" तेव्हापासून त्यांचा कायदा ठरला: दुखणं ज्याचं, नाव त्याचं. जे दुखणं घेऊन जो पहिल्यांदा त्यांच्यासमोर आला, त्याचं नाव त्या दुखण्याला.

मी त्यांना शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, आजारांना गावांचीही नावं असतात हो, मदुरा फूट आहे, माल्टा फीवर आहे. "मग आमच्या पोशीरनं काय घोडं मारलंय?" म्हणाले, आणि भातलावणीत पायांना होणाऱ्या चिखल्या त्या दिवसापासून केसपेपरवर 'पोशीर पाय' झाल्या. पुढे माझी चिठ्ठी घेऊन एक म्हातारी कर्जतच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांचा फोन आला, "मॅडम, हा 'जुनाट गंगाराम' कुठल्या पुस्तकात आहे?" चिठ्ठी भाऊंनी लिहिली होती, सही माझी होती. मी दोन दिवस भाऊंशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

नावांचे मूळ धनी अजून हिंडतेफिरते आहेत. गंगाराम एकदा तणतणत आला. "भाऊ, माजं नाव काढा. पोरीला बघायला पावनं आले, त्यांनी इचारलं, गंगाराम तुमच्या घरात पिडीजात हाय का?"

पोशीरच्या दत्तूची गोष्ट उलटी. त्याला आपल्या गॅसचा भारी अभिमान. दर सोमवारी येतो, बाकावर बसतो आणि इतरांची परीक्षा घेतो. "ढेकर कसा येतो, दाखव. ह्यॅ! ह्यो दत्तू नाय, भाऊ. कुनालाबी माजं नाव देऊ नका." औषधाने त्याला कधीच गुण येत नाही. माझी खात्री आहे, तोच येऊ देत नाही.

जुन्या केसपेपरांत मात्र एका नावाने मला घाबरवलं होतं. बहुतेक कागदांच्या शेवटी लिहिलेलं असायचं: इंदू. दत्तू असो, गंगाराम असो, शेवटी सगळ्यांना इंदू होतेच! मला गावच्या विहिरीचा संशय आला. भाऊ हसले. "बाई, इंदू म्हंजे बरं होनं. आजाराला हजार नावं, बऱ्या झालेल्याला एकबी नाय." इंदू त्यांची बायको. लग्नाच्या वर्षीच तिला टायफॉइड झाला आणि त्यातून ती उठली. त्यांच्या डोळ्यांदेखत बरी झालेली पहिली रोगी तीच.

दोन वर्षांपूर्वी इंदूकाकू चुलीवर दूध ठेवून विसरायला लागल्या, मग घरचा रस्ता विसरल्या. मी भाऊंना आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. हे कुणा डॉक्टरचं नाव का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "ऱ्हाऊ द्या त्याचंच," एवढंच बोलले.

तेव्हापासून काकू रोज दवाखान्यात कोपऱ्यातल्या बाकावर बसतात. भाऊ आता रोगी बरा झाला की नुसतं लिहीत नाहीत, मोठ्याने पुकारतात, "इंदू!" आणि काकू कोपऱ्यातून म्हणतात, "ओ." एरवी हाक मारली तर त्या दचकतात, माझं काही चुकलं का विचारतात. आनंदाने मारलेल्या हाकेला मात्र ओ देतात. स्वतःचं नाव तिला ठाऊक आहे, एवढं भाऊंना पुरतं.

गेल्या सोमवारी तापातून उठलेली एक पोर आली. भाऊंनी पुकारलं, "इंदू!" काकू भिंतीकडे बघत राहिल्या. भाऊंनी पुन्हा हाक मारली. काही नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मला वर बघवेना. आणखी कुणी बरं झालेलंही नव्हतं, की परत पुकारावं.

तेवढ्यात बाकावरून दत्तू उठला. टोपी सारखी करत म्हणाला, "भाऊ, लिवा. माजा गॅस बरा झाला."

"काय सांगतोस रं?"

"खोटं कशाला बोलू? साफ गेला. लिवा, आन् जोरात पुकारा."

भाऊंनी दत्तूचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी पुकारलं. आवाज जरा फाटलाच.

"इंदू!"

काकूंनी मान वळवली. "ओ," म्हणाल्या. "हितंच हाय की मी."

भाऊंनी खाली मान घालून कागदावर नाव लिहिलं. दत्तू तोंडावर टोपी दाबून दाराकडे पळाला. ढेकर त्याने रस्ता ओलांडल्यावर दिला.