दाविदरावांचा वैरी

कागलची गाडी कुठून सुटते, असं एका पावण्यानं दाविदराव उबाळ्यांना रस्त्यात विचारलं. दाविदराव त्याला घेऊन स्टँडपर्यंत गेले. इथवर कुणीही गेलं असतं. पण दाविदराव त्याच्यामागोमाग गाडीत चढले आणि थेट कागलला उतरले. संध्याकाळी परत आले ते पावण्याच्या शेतातल्या शेंगा पिशवीत घेऊन.

"अहो, पण तुम्ही कशाला गेलात?" मी विचारलं.

"एक कोस चल म्हणाला तर दोन कोस जावं, असं प्रभूनं सांगितलंय की."

"कागल दोन कोसांवर नाही, दाविदराव."

"मधी गाडी थांबत न्हाय, त्याला मी काय करू?"

संस्थान विलीन झालं त्या सुमाराला माझी कोल्हापूरच्या शाळेत बदली झाली आणि शाहूपुरीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. शेजारी दाविदराव. ख्रिस्ती, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, उंच, काटक, काळी टोपी, करकरणाऱ्या वहाणा. पत्नी रूथबाई वारलेल्या, मूलबाळ नाही. आमचा देव देव्हाऱ्यात बसून असायचा. दाविदरावांचा प्रभू त्यांच्याबरोबर मंडईत यायचा. कुठलीही गोष्ट करण्याआधी ते डोळे मिटून पुटपुटत, "हे प्रभूला चालंल का?" एकदा तर हातात वांगी धरून ते इतका वेळ डोळे मिटून उभे राहिले, की भाजीवालीचा धीर सुटला.

"आवो, तुमच्या देवाला भरलं वांगं आवडतंय का न्हाय ते लवकर ठरवा! मागं गिऱ्हाईक हाय."

आमच्या हिनं एकदा पावसात त्यांची छत्री मागितली. छत्री आली. मागोमाग त्यांचा रेनकोटही आला. अंगरखा मागणाऱ्याला वरचं वस्त्रही द्यावं, अशी आज्ञा. मग पाऊस उघडेपर्यंत दाविदराव घरात अडकून बसले आणि खिडकीतून आमच्याकडे समाधानानं बघत राहिले.

खोटं ते बोलतच नसत. एका लग्नात यजमानांनी हात जोडून विचारलं, "जेवण कसं झालं?" सगळी पंगत "झकास!" म्हणाली. दाविदराव म्हणाले, "रस्सा खारट हाय. पण तुम्ही मनापासून वाढलंसा, म्हणून दोनदा घेतला."

एकाच आज्ञेपाशी त्यांचं अडत असे. वैऱ्यावर प्रेम करा. "मास्तर, मला वैरीच न्हाय," ते काळजीनं म्हणायचे. "प्रेम करू कुणावर?"

ही अडचण बाबू पैलवानानं दूर केली. मागच्या घरात तो राहायला आला तो एक दुखरा गुडघा आणि एक दांडगी म्हैस घेऊन. दोन्ही परसांमधली भिंत एका जागी पडली होती. तिथून म्हैस आत आली आणि दाविदरावांची शेवंती बुडख्यापर्यंत खाऊन गेली. दाविदराव मला सोबत घेऊन तक्रार करायला गेले.

"जनावर हाय, खाणारच!" पैलवान गरजला. "फुलं कुणी लावाय सांगितलीती?" आणि त्यानं बाह्या सरसावल्या.

दाविदरावांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि गाल पुढे केला. "हितं मारा. मग ह्या बाजूला."

पैलवानाचा वर गेलेला हात तसाच राहिला. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, ह्यो कंचा डाव म्हनायचा? ह्याला तोड काय?"

दुसऱ्या दिवसापासून दाविदराव पहाटे त्या खिंडारापाशी उभे राहून खड्या आवाजात प्रार्थना करू लागले. "हे प्रभू, बाबू पैलवानाला शांत मन दे. त्याचा गुडघा बरा कर. त्याच्या म्हशीला पोटभर वैरण दे, म्हंजे ती हिकडं येणार न्हाय."

पलीकडून आरोळी यायची, "ए दाविद! देवापुढं माझं नाव घिऊ नकोस! गुडघा माझा हाय, माझं मी बघंन!"

"आमेन!" दाविदराव आनंदानं म्हणायचे.

सगळ्या आळीच्या चुली या भांडणावर पेटू लागल्या.

मग एका सकाळी प्रार्थना ऐकू आली नाही. मी चहा घेत होतो, तेवढ्यात पैलवान दारात. चेहरा उतरलेला.

"मास्तर, तिकडनं आवाज न्हाय. काय झालंय काय?"

आम्ही आत गेलो. दाविदराव तापानं फणफणले होते, आम्हाला ओळखतही नव्हते. पैलवानानं त्यांना घोंगडीसकट उचललं आणि टांग्याची वाट न बघता तसाच दवाखान्याकडे निघाला. दुखरा गुडघा ओढत.

दुखणं लांबलं. पैलवान रोज धारोष्ण दूध घेऊन उशाशी बसायचा आणि "पी म्हंतो न्हवं!" असा दम देऊन पाजायचा. दाविदराव हिंडूफिरू लागले, तेव्हा पैलवान गवंडी आणि दगड घेऊन हजर झाला.

"लई तरास दिला तुमास्नी," तो खाली बघत म्हणाला. "ही भिंत बांधून टाकतो. आता म्हस येणार न्हाय, आन मी बी आरडणार न्हाय."

मला वाटलं, दाविदराव आभार मानतील. पण ते दगडांच्या ढिगाकडे बघत राहिले.

"गवंड्याला माघारी लावा, पैलवान."

"का वो?"

"रूथ मला नुसतं दाविद म्हणायची. ती गेल्यापासून समदी दाविदराव म्हणत्यात. मान देत्यात, चांगलं हाय. पण सकाळी उठून मला नावानं हाक मारणारं तुमच्याबिगर कोण न्हाय."

 पैलवानानं खुणेनं गवंड्याला थांबवलं. त्या दगडांचा खिंडारातच एक बुटका कट्टा झाला, आणि दोघं संध्याकाळी त्याच्यावर बसू लागले. इतकी वर्षं शेजारी राहून मला जे कळलं नव्हतं, ते त्या कट्ट्यावर कानांवर आलं. रूथबाई भजनं फार गोड म्हणत. स्वयंपाक करताना त्यांचा सूर लागला, की दाविदराव भूक विसरून चुलीपाशी बसून राहत.

"मग म्हण की त्यातलं एक," पैलवान म्हणाला.

दाविदरावांचा आवाज काही गोड नव्हता. पण ते म्हणू लागले, हळू, अडखळत. आणि पैलवान आपल्या रुंद पंज्यानं मांडीवर ताल धरून बसला.