तीन नंबरची लघवी

बोलता येणाऱ्या प्राण्याला "पोट भरलं का?" असं विचारण्यात अर्थ नसतो. समोर कोण आहे ते पाहून तो उत्तर देतो. म्हैस असलं काही करत नाही. तरीही शास्त्राने धोका न पत्करता हा प्रश्न तिच्या लघवीला विचारायचं ठरवलं. लघवी आजवर कोणाच्या भिडेला पडलेली नाही.

संशोधन केंद्रातल्या त्या प्रयोगात एकूण तीन म्हशी होत्या (म्हणजे दर म्हशीमागे तेहतीस पूर्णांक तेहतीस शतांश टक्के सत्य). एक नंबरला भरपेट चारा, दोन नंबरला पाऊण, तीन नंबरला निम्मा. चोवीस तासांची लघवी गोळा करायची आणि तिच्यातली ठरावीक द्रव्यं मोजायची, की खाल्लेल्यातलं किती अंगी लागलं ते कळतं. पद्धत इतकी अचूक आहे की म्हशीचं मत घ्यावं लागत नाही.

गोळा करायचं काम बादलीमामांकडे होतं. म्हैस शेपटी उचलायच्या आधी पळभर त्यांना समजायचं. एकवीस वर्षांत त्यांची बादली दोनदाच चुकली. दोन्ही वेळा पाहणीला वरिष्ठ अधिकारी उभे होते, आणि बादलीची उणीव त्यांच्या बुटांनी भरून काढली.

प्रयोग नव्वद दिवसांचा होता. चौथ्या दिवशी तीन नंबरने गव्हाण चाटून लख्ख केली. सातव्या दिवशी दाव्याचा दोर चघळला. नवव्या दिवशी मामांच्या सदऱ्याची बाही गेली. (नोंदवहीत याला 'वर्तनात विशेष बदल नाही' असं म्हणतात.)

मामांची बायको दीड वर्षापूर्वी गेली होती. शेवटचे तीन महिने तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. मामा वाटी घेऊन समोर बसायचे. ती म्हणायची, "तुम्ही जेवा हो, मी मागाहून घेते." मागाहून तिने काही घेतलं नाही. भूक नसलेल्या जिवाला तीन महिने चमच्याने भरवायला बसलेल्या माणसाने आता भुकेल्या जिवामागे नुसती बादली धरून उभं राहायचं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. दहाव्या दिवसापासून ते कचेरीसमोरच्या हिरवळीवरचं गवत कापून रोज पोतंभर तीन नंबरला घालू लागले. (हिरवळ इतकी टापटीप दिसू लागली की माळ्याला प्रशस्तिपत्र मिळालं. त्याने ते घेतलं.)

नव्वदाव्या दिवशी निकाल आला. तीन नंबरची लघवी एक नंबरच्या तोडीस तोड! मोठे डॉक्टर खुर्चीतून उठले. एरवी ते फक्त जेवायला उठत. जनावर अर्धपोटी ठेवलं की त्याच्या पोटातले सूक्ष्म जीव जबाबदारीने वागू लागतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. अहवाल छापला गेला. पाठोपाठ हुकूम निघाला: येत्या एक तारखेपासून केंद्रातल्या सर्व दोनशे बारा म्हशींना निम्मा चारा.

एका पोत्यात दोनशे बारा म्हशी भागत नाहीत, एवढं गणित मामांना येत होतं. ते डॉक्टरांच्या खोलीत गेले. प्रयोगशाळेतल्या बाई तिथेच बसल्या होत्या.

"साहेब, माझं चुकलं. तीन नंबरला मी वरून गवत घालत होतो."

"किती?"

"रोज एक पोतं."

"वजन केलंत?"

"नाही बा."

"मग मामा, तुम्ही घातलंत असं म्हणता येत नाही."

"अहो पण तिने खाल्लं ना!"

"तसं अहवालात कुठे आहे?"

बाई हळूच म्हणाल्या, "मामा, छापून झालंय आता. शुद्धिपत्र दोन ओळींचं असतं, त्यात आख्खी म्हैस कशी मावणार?"

"मग बाकीच्यांनी उपाशी मरायचं?"

"छे, छे," डॉक्टर म्हणाले. "दर महिन्याला लघवी तपासू की."

मामा गोठ्यावर आले आणि तिथल्या एकतीस कामगारांना सगळं सांगितलं.

"मामा, खड्डा तुम्ही खणलात, आणि उड्या आम्ही मारायच्या?" चारा तोलणारा म्हणाला.

"नका मारू. पण परवापासून गव्हाणीत निम्मं टाकताना म्हशीच्या तोंडाकडे बघून टाका."

मग शेण काढणाऱ्या मावशींनी पदर खोचला. "म्हशीला काय सांगू, बाई गं, वरून कागद आलाय? आणा ते पोतं इकडे."

एक तारखेपासून प्रत्येक जण कामावर येताना बांधावरचं, मैदानावरचं, नाल्याकाठचं गवत कापून आणू लागला. संचालकांच्या बंगल्यामागची बागही महिन्यात मोकळी, हवेशीर झाली. तपासणीत दोनशे बारा म्हशींची लघवी उत्तम निघाली. डॉक्टरांना बढती मिळाली. मामांच्या खांद्याला घट्टा पडला.

शिफारस आणखी सत्तेचाळीस केंद्रांना लागू झाली. त्यांतल्या सेहेचाळीस केंद्रांतून यशाचे अहवाल आले. एका केंद्रात मात्र म्हशी खंगल्या. चौकशी झाली, तेव्हा तिथले कामगार हुकमाचं तंतोतंत पालन करत असल्याचं आढळलं. त्यांना सक्त ताकीद देण्यात आली.

तेव्हा वाचकहो, निम्म्या माणसांत तुमची कचेरी सुरळीत चालत असेल, किंवा काही न सांगता, न विचारता तुमच्या घरातलं सगळं वेळच्या वेळी होत असेल, तर पद्धत यशस्वी आहे, शंका नको. तुमच्याकडेही कोणीतरी पोतं वाहतंय. ते तुम्ही असाल, तर तुमचा खांदा तुम्हाला सांगेलच. खांदा काही बोलत नसेल, तर अभिनंदन! अहवालावर नाव तुमचं आहे.