मधलं काप, कडंचं जोड

तुमचं वाक्य अर्ध्यावर असताना कुणी त्यातले शब्द काढून घेतलेत का? नसतील, तर तुम्ही भूमच्या शिंगारे मॅडमना भेटला नाहीत.

मॅडमनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या, तरी शिकवायच्या थांबल्या नाहीत. बाजारात भाजीवाला म्हणतो, "मॅडम, पहाटंच रानातून काढलीय, पाणी मारलेली न्हाय, मेथी ताजी हाय."

"मेथी ताजी हाय. मधलं काप, कडंचं जोड. दे दोन जुड्या."

मी ईट गावच्या मुलींसाठी पत्रक लिहिलं होतं. शोषण, अंधार, धगधगता वणवा, सगळं होतं त्यात. मॅडमनी लाल पेन चालवला. एकच वाक्य उरलं: 'ईटच्या लेकींना कॉलेज सुटल्यावर घर गाठायला एसटी पाहिजे.'

"आता बघ. इथं कापलं तर 'लेकींना एसटी पाहिजे'. तिथं कापलं तर 'लेकींना घर पाहिजे'. जनुकाचंही असंच. त्याची नक्कल निघती, पेशी त्यातले मधले तुकडे कापती, उरलेले जोडती. कापायची जागा बदलली की निरोप बदलतो. पान वाढवायचं का फूल धरायचं, यात त्याचाबी हात असतो."

"आन् कुठं कापायचं, हे कोण ठरवतं?"

"ऊन, थंडी, रोपाचं वय. तुझ्यासारखा वणवा न्हाय."

मी चिडलो. पत्रक मात्र त्या एका वाक्याचंच छापलं.

परवा ते द्यायला मॅडमच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांचे यजमान अण्णा बसले होते. त्यांनी जन्मभर भूम-परंडा एसटी चालवली. हल्ली विसरतात, पण रस्ता रोज सांगतात: कुठं कोण चढायचं, कुणाची कोंबडी सुटली, कुठं टायर बसलं. लई लांबण. मी मॅडमच्या कात्रीची वाट बघत होतो. त्या हनुवटीला हात लावून ऐकत राहिल्या.

अण्णा म्हणाले, "...मग थेट परंडा."

"आन् सोनारी?" मॅडमनी हळूच विचारलं.

"व्हय की. सोनारीला म्हातारी चढायची, बोरं द्यायची." अण्णा हसले.

मला निरोप द्यायला मॅडम फाटकापर्यंत आल्या. "रोज एक गाव गळतंय रे. हे कोण कापतंय, कळंना. जोडायला मी एकटीच हाय."

मुलींच्या एसटीसाठी आम्ही भांडूच. तुम्ही एवढं करा: भूमला आलात, तर अण्णांपाशी बसा. त्यांचं बोलणं कापू नका. आणि ते थेट परंड्याला पोचले, तर सोनारीचं विचारा.