तिफणवाल्याची पत्रं आणि साळवे सर

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी साळवे सरांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी आधी खिशातून पट्टी काढली. लांबी मोजली, रुंदी मोजली, पत्रिका उजेडाकडे धरून पाहिली आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं : 'स्थिती उत्तम. डाव्या कोपऱ्यात हळदीचा डाग. शुद्धलेखनाच्या चार चुका, जशाच्या तशा.' मग म्हणाले, "येतो म्हणून सांगा घरी. जेवण किती वाजता हाय?"

मी तेव्हा मंठ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. साळवे सर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. आमच्या मागच्या खोलीत बसून ते दगडूजी मिस्त्रींच्या पत्रांची सूची करायचे. दगडूजी म्हणजे वाटूरचे सुतार. बी सारख्या अंतरावर पडेल अशी पेरणीची तिफण त्यांनी शोधून काढली, आणि आमच्या भागात मिरगाच्या सुमाराला त्यांचं नाव निघालं नाही असा गावचा पारच नव्हता. ते जाऊन काही वर्षं झाली होती. वाचनालयाच्या समितीला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाची पत्रं जपली पाहिजेत. सरांना वाटलं, ती फक्त आपल्यालाच जपता येतील.

"मुळाबरहुकूम!" हा सरांचा मंत्र. पत्राची नक्कल करताना काना-मात्रा बदलायची नाही. दगडूजींनी 'खीळा' लिहिलं तर सूचीतही 'खीळा'च. मी एकदा न राहवून तो ऱ्हस्व केला. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मिस्त्री काय तुमच्या वर्गात व्हते का?"

पत्रांच्या खोलीत चहा बंद, पाणी बंद. वैशाखात पंखासुद्धा बंद, कारण कागद उडतात. एकदा समितीचे अध्यक्ष मोठ्या कौतुकानं पत्रं पाहायला आले. सरांनी त्यांना दारातच दोन्ही पंजे पुढे करायला लावले, उलटसुलट पाहिले आणि साबणाची वडी हातात दिली. "नळ तिकडं हाय," म्हणाले. अध्यक्ष निमूट गेले. तेही सरांचेच विद्यार्थी.

टेंभुर्णीला एका शेतकऱ्याकडे पत्र आहे असं कळल्यावर सर दोन एसट्या बदलून गेले. पत्र होतं, पण अर्धंच. सरांनी नोंद केली : 'खालचा भाग शेळीने खाल्ला. त्यातील मजकुराबद्दल मालकास विचारले. आठवत नाही.' मला सांगताना त्यांचा आवाज घरचं कुणी गेल्यासारखा झाला होता. "सही गेली ना, मॅडम. बराबर सहीच खाल्ली तिनं."

बहुतेक पत्रं मात्र दगडूजींच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, आणून दिली होती. तिफण दाखवत गावोगाव फिरताना मिस्त्री घरी धाकट्या भावाला लिहायचे. बाईंना वाचता येत नव्हतं; तरी त्यांनी एकूण एक पत्र पत्र्याच्या पेटीत सांभाळलं होतं. दीर तेव्हा कामाचं तेवढं सांगायचा. आता दीरही राहिला नव्हता. पेटी देताना बाईंनी एकच अट घातली, "एकडाव मला समदी वाचून दावा."

म्हणून दर बाजाराच्या दिवशी त्या वाटूरहून यायच्या, हात धुऊन सतरंजीवर बसायच्या आणि सर एक पत्र वाचायचे. खणखणीत, फळ्यावरचं गणित सांगावं तसं : "'चिरंजीव बाबूस आशीर्वाद. सागवानी फळ्या दोन पाठव. बाभळीच्या नको. नळ्या बसल्या. पाऊस नाही. दगडू.'"

"बस, एवढंच?" बाई विचारायच्या.

"एवढंच. खाली सही."

बाई मान हलवायच्या, पिशवी उचलायच्या आणि एसटीला जायच्या. असं दीड-दोन वर्षं चाललं. फळ्या, खिळे, तिफणीच्या नळ्या, लोहाराचा पत्ता. बायकोचं नाव एकाही पत्रात नव्हतं. मला ते ठाऊक होतं, कारण नकला मीच ताडून पाहायची. सरांना तर सगळी पत्रं तोंडपाठ होती. आणि बाई प्रत्येक वेळी काय ऐकायला येतात, हे न कळण्याइतके आम्ही दोघंही भोळे नव्हतो.

शेवटचं पत्र वाचायची पाळी आली त्या दिवशी मी खोलीतच होते, नक्कल हातात घेऊन. सर वाचू लागले, "'चिरंजीव बाबूस आशीर्वाद. नळी एक तुटली. मंगळवारी येतो...'" आणि थांबले नाहीत. त्यांचा आवाज मात्र एकाएकी खाली आला. "'तिला चुलीपुढं फार वाकावं लागतं. पाठ दुखत असंल. आल्यावर वटा बांधून चूल उंच करून देतो. दगडू.'"

माझ्या हातातल्या नकलेत 'मंगळवारी येतो'नंतर थेट सही होती.

बाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. मग हसल्या.

"हे त्याहिचं न्हाई, गुरुजी. ते असं कधी बोललेच न्हाईत."

सरांचे कान लाल झाले. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेला माणूस. पकडलं गेल्यावर काय करायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते पत्राची घडी घालू लागले, तीही वाकडी पडली.

बाईंनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पुढल्या बाजारी येऊ का मंग? आनखी हायेत?"

पेटी रिकामी झाली होती. पेटी त्यांचीच; त्यात किती पत्रं होती हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"हायेत ना," सर म्हणाले. "बरीच हायेत."

बाई गेल्यावर सर नुसती पट्टी पुसत बसले. थोड्या वेळानं त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "मॅडम, बाईमाणसाला घरात आनखी काय काय तरास असतो हो? आमच्या हिच्यासंगं एकोणतीस वर्षं काढली. ती संध्याकाळी काहीबाही सांगू लागायची अन् मी वह्या तपासत बसलेलो असायचो."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सांगू लागले. सर खाली मान घालून लिहून घेत होते.