आधी आवाज, मग हात

कोल्हापूरच्या चित्तेखान्यातला शेवटचा चित्ता मेला आणि दस्तगीरमामूच्या घरातली चूल दिवसातून एकदाच पेटायला लागली. पिढ्यान्‌पिढ्या शिकारी चित्ते माणसाळवणारं ते घराणं. जनावरच नाही तर चित्तेवान हवाय कुणाला? सरकारातून त्याला पागेत गवत टाकायचं काम मिळालं. बायको आधीच प्लेगात गेलेली. दोघं मुलगे मुंबईच्या गिरणीत गेले. जाताना थोरला म्हणाला, "अब्बा, चित्ता आला तर सांगावा धाडा. बायकापोरांसकट माघारी येतो. गवत टाकाय मात्र येनार न्हाय."

घर रिकामं झालं, पण मामूचं तोंड काही थांबलं नाही. अंगणातल्या रिकाम्या खाटेशेजारी येरझाऱ्या घालत तो खाटेशी बोलायचा. आमचं बोर्डिंग त्याच्या परड्याला लागून होतं. मी बी. ए. झालो तो मामूच्या बोलण्यावर, असं म्हटलं तरी चालेल. अजूनही तर्कशास्त्राचा एखादा नियम आठवायला गेलो की त्याच्यामागून "खा की गं बया, किती नखरं!" असं ऐकू येतं.

त्याचं शास्त्रच तसं होतं. रानातून धरलेलं जनावर मारून माणसाळत नाही. त्याला खाटेला बांधायचं, डोळ्यांवर टोपरं चढवायचं आणि सगळ्या घरानं त्याच्याभोवती दिवसभर गलका करायचा. बायकांनी भांडावं, पोरांनी रडावं, म्हाताऱ्यांनी खोकावं. काहीही चालतं, पण आवाज तुटता कामा नये. आवाजाची सवय झाली की मग पाठीवरून हात फिरवायचा. "आधी आवाज, मग हात," हे मामूचं ब्रीद, आणि ते तो चित्त्यांपुरतं ठेवत नसे. एकदा आमच्या पोरांनी त्याच्या परड्यातली पपई पाडली, तेव्हा तो बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटांकडे आला. सुपरिंटेंडेंट तापट. मामू हळू आवाजात बोलत बोलत त्यांच्या मागं गेला आणि बोलता बोलता त्यांची मान खाजवायला लागला. आम्ही दाराआडून बघत होतो. साहेबांनी डोळे मिटले. बाहेर येऊन मामू म्हणाला, "जनावर गरीब हाय की. तुमीच बिथरवलंय."

पुढं महाराजांच्या मनात आलं, आफ्रिकेतून चित्त्यांची जोडी आणावी. पाठवायला चित्तेवान एकच उरला होता, आणि त्याच्याबरोबर इंग्रजी जाणणारा माणूस हवा होता. तो मी, शिकारखान्यात नुकताच लागलेला कारकून. कोडोलीतल्या आमच्या घरात अंगठा सोडून सही करणारा मी पहिला, आणि समुद्र ओलांडणाराही पहिलाच. शिकारखान्याचा लेखी हुकूम माझ्या खिशात होता: कोल्हापूर येईपर्यंत पिंजरा उघडू नये. खाली कबुलीची सही माझी होती. तिचा मला अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मोंबासाला जोडी मिळाली. परतीच्या बोटीवर नर पहिल्याच दिवशी जेवला. मादीनं मात्र अन्न टाकलं. मामूनं तिचं नाव बेगम ठेवलं होतं. बेगम पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, मामू पिंजऱ्याबाहेर तसाच फिरायचा, आणि त्या दोघांकडे बघून मलाही बसवेना. मामू गजांतून लाकडी डावावर मांस पुढं करायचा, बोलबोल बोलायचा. ती तोंड फिरवायची.

"पोट खपाटीला गेलंय," मामू म्हणायचा. "बीए, ही मेली तर माजं घर बी मेलं. एकट्या नरासाठी चित्तेखाना कोन उघडतंय?" लगेच दुसऱ्या दमात, "कडी काढ. आत जातो."

"हुकूम नाही."

"हुकूम काय खातोय व्हय?"

हा संवाद आमच्यात जेवणाआधी आणि जेवणानंतर नेमानं होई.

त्या अस्वस्थ प्रवासात दोन मित्र मात्र चांगले भेटले. एक जमनादास, मोंबासात कापडाचं दुकान असलेला कच्छी, देहानं ऐसपैस. दुसरा बोटीवरचा गोवेकर स्वयंपाकी पिंटो, जो आमच्या चित्त्यांना मांस द्यायचा आणि त्याबद्दल रोज कुरकुरायचा. एका दुपारी गप्पा मारताना मी सहज बोलून गेलो, "आज माझा वाढदिवस."

खरं म्हणजे आमच्या आईला विचाराल तर ती सांगेल, "टोळ आलतं त्या साली, शाळू काढताना झाला." शाळेत नाव घालताना मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा छताकडं बघितलं आणि तारीख लिहून टाकली. तारीख मास्तरांची असली तरी आमच्या घराण्यात ती असणारा मी एकटाच.

पिंटो उठला तो थेट भटारखान्यात गेला आणि संध्याकाळी केक घेऊन आला. अंड्याचा केक चालत नाही म्हणून जमनादासनं स्वतःपुरता शिरा करून घेतला होता. आम्ही पिंजऱ्यांजवळच पेट्यांवर बसलो. मामू येरझाऱ्या घालता घालता थांबला.

"ह्ये काय?"

"माझा वाढदिवस, मामू."

"तुजा?" त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वाढदीस म्हाराजांचा असतोय."

"शिकलेल्या माणसाचाही असतो."

"आस्सं? मग तोफा कुठं हायत?"

पिंटोनं पातेल्यावर झाकण आपटलं. बेगमनं दात दाखवले. मामू खेकसला, "बंद कर त्ये! आन् हत्ती?"

"हाथी मैं हूँ," म्हणत जमनादास उठला आणि शिऱ्याची ताटली डोक्यावर धरून त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली. आम्ही पोट धरून हसलो. मामू हसला नाही.

"बरं. आन् कैदी?"

"कसले कैदी?"

"वाढदिसाला म्हाराज तुरुंगातलं कैदी सोडत्यात. तोफ झाली, हत्ती झाला. तू काय सोडनार?"

तो पिंजऱ्याकडं बघत होता. माझं हसू मावळलं.

"मामू, हुकूम सरकारचा आहे."

"सरकारचा हुकूम सरकारच्या मुलखात. हितं समिंदरात राजा कोन? आज ज्याचा वाढदीस त्यो." मग आवाज उतरवून, सुपरिंटेंडेंटांशी बोलला होता तसा, तो म्हणाला, "कैदी भाईर नगंच सोडू. मला आत सोड."

बेगम निसटली तर माझी नोकरी जाणार होती, आणि त्या नोकरीवर कोडोलीत आठ तोंडं होती. तिनं मामूला फाडलं तर काय, याचा विचारच करवत नव्हता. पण न उघडता ती उपाशी मरत होती, हेही डोळ्यांसमोर होतं. पिंटो पुटपुटला, "बाबा, केक तरी संपवू दे." मी उठलो. हुकमाखाली ज्याची सही होती त्यानंच कडी काढली. मामू आत शिरताच मी ती पुन्हा लावली आणि हात तिथंच ठेवला. जमनादास सगळ्यांत उंच पेटीवर चढला होता.

बेगम कोपऱ्यात दबून गुरगुरली. मामू तिच्याकडं पाठ करून बसला, मांसाचा डाव मागं सरकवला आणि बोलायला लागला. आधी नेहमीचंच. मग एकाएकी त्याच्या तोंडून बायकी आवाज आला.

"अवं, बसलाय काय? पानी कवा आननार? पोरगं केवडं रडतंय!"

"आनतो की गं," हे त्याच्या स्वतःच्या आवाजात.

मग पोराचं रडणं. मग जाड्या आवाजात, "अब्बा, आलो बगा. दार कुनी लावलंय?" मग एका सुनेनं दुसरीला तव्यावरून टोमणा मारला आणि दुसरीनं तो परत केला. कुणी खोकलं, कुणी हसलं. त्या पिंजऱ्यात एक भरलेलं घर दाटीवाटीनं नांदायला लागलं.

"कौन हैं ये सब?" जमनादासनं वरून कुजबुजत विचारलं.

ती बाई मी ओळखत होतो, मामूची बायको. बोर्डिंगात नवा आलो तेव्हा तिनं मला भाकरी दिली होती. घर रिकामं झाल्यावर परड्याच्या कुंपणापलीकडून इतकी वर्षं मी ऐकत आलो ती बडबड एकट्या मामूची. ही सगळी माणसं त्यानं एकदाही मोठ्यानं बोलावली नव्हती.

बेगमचे कान हलले. ती पोटावर सरपटत पुढं आली. डावावर खरखरीत जीभ घासल्याचा आवाज आला.

"खाल्लं का तिनं?" बायकोच्या आवाजात मामूनं विचारलं.

"खातीया," तो म्हणाला. वळून न बघता त्यानं हात मागं नेला आणि तिच्या पाठीवर ठेवला.

जोडी कोल्हापुरात जिवंत पोचली. मामूला चित्तेवानाची जागा परत मिळाली. थोरला बायकापोरांसह मुंबईहून आला, आणि बेगमची खाट अंगणात त्या पोरांच्या मधोमध पडली.