एका डोळ्याचा भाव

भाव पाडण्यात अख्ख्या बुकारामांगा शहरात आपला हात धरणारा कोणी नाही, असं लिबार्दो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. बायकांच्या चपला बनवायचा त्याचा छोटासा कारखाना होता. तो चामडं घ्यायला बाजारात शिरला की व्यापारी आधी पाणी पिऊन घ्यायचे! असा हा पक्का माणूस साध्या दोन डोळ्यांच्या व्यवहारात आपटला. आणि आपटला तो साडूपायी!

साडूचं नाव एफ्रेन. गाड्यांचे विमे विकणारा, गोडबोल्या माणूस. एका रविवारी सासूबाईंकडे जेवायला तो चक्क चष्म्याशिवाय आला. डोळ्यांना लेझर करून घेतलं होतं! सासूबाईंनी, म्हणजे ओतिलियाबाईंनी, तिथला लाडका खाऊ असलेल्या तळलेल्या मुंग्यांची वाटी आधी त्याच्यापुढे सरकवली. "घे रे राजा, डोळ्यांना चांगल्या असतात." वाटी लिबार्दोपर्यंत आली तेव्हा तळाला मीठ उरलं होतं.

तेही त्यानं सोसलं असतं. पण त्याची स्वतःची बायको, नोहेमी, हातातला डाव तसाच धरून म्हणाली, "अय्या भावोजी, किती सुंदर डोळे आहेत हो तुमचे!"

लिबार्दोनं आपला जाड चष्मा काढून हातात घेतला. अकरा वर्षांच्या संसारात त्याच्या डोळ्यांबद्दल ती एकच वाक्य बोलली होती, आणि ते होतं, "डोळे फुटले का तुमचे?"

"किती पडले?" त्यानं चष्मा पुसत विचारलं.

"बावन्न लाख पेसो," एफ्रेन सहज म्हणाला. "डोळ्यांच्या बाबतीत काय पैशाकडे बघायचं, साडूभाऊ!"

झालं! आता आपणही लेझर करायचं, बावन्नपेक्षा स्वस्तात करायचं, आणि नोहेमीच्या तोंडून तेच शब्द ऐकायचे, असं लिबार्दोनं तिथल्या तिथे ठरवलं. सोमवारी सकाळी कारखान्यात बसून त्यानं चार दवाखान्यांना फोन लावले. एकतीस, सत्तावीस, चोवीस... आणि सर्वात कमी, एकोणीस लाख! तेही कुठे? एफ्रेननं जिथे बावन्न मोजले त्याच दवाखान्यात!

मग पुढच्या रविवारपर्यंत पोटात गोष्ट ठेवणं म्हणजे त्याला बाळंतकळाच होत्या. सासूबाईंच्या टेबलावर त्यानं जाहीरच केलं, "एकोणीस लाख! एफ्रेन, लुटलं हो तुम्हाला! मला सांगितलं असतं तर मी बोललो असतो तुमच्यासाठी!"

एफ्रेन नुसता हसला. "करून घ्या, साडूभाऊ, अवश्य करून घ्या."

त्याचं ते हसणं लिबार्दोला जळफळाटाचं वाटलं. काय सुख झालं म्हणून सांगू! त्या दिवशी तो मिठासकट मुंग्या खाऊन घरी आला.

मंगळवारी दवाखान्यात तपासणी झाली. मारिएला नावाची हसतमुख बाई कागद घेऊन समोर बसली.

"तर एकोणीस एका डोळ्याचे, एकोणीस दुसऱ्याचे, झाले अडतीस."

"थांबा! एका डोळ्याचे?"

"हो साहेब. भाव डोळ्यामागे असतो. सगळ्याच दवाखान्यांत."

"अहो बाई, मी चपला विकतो! आजवर एका पायाची चप्पल विकली नाही मी! गिऱ्हाइकाला भाव सांगायचा तर जोडीचा सांगायचा!"

"काही जणांचा एकच डोळा करायचा असतो, साहेब."

"माझे दोन आहेत! मोजून घ्या!"

"म्हणूनच अडतीस," मारिएला शांतपणे म्हणाली. "तपासण्यांचे चार. पुढे नंबर परत आला तर फुकट करून देऊ, त्या हमीचे सात. आणि तुमचा नंबर प्लसचा आहे, त्याला यंत्राची वेगळी जुळणी लागते. त्याचे नऊ."

"एफ्रेनचा कुठला होता?"

"त्यांचा मायनसचा."

इतक्या दुःखातही लिबार्दोला बरं वाटलं. एफ्रेन मायनस आणि आपण प्लस! निदान देवाच्या दरबारात तरी न्याय होता. पण बेरीज झाली अठ्ठावन्न, आणि तो पुन्हा काळवंडला. सगळ्या सासरवाडीत एकोणीसची दवंडी पिटून झाली होती. आता अठ्ठावन्न मोजायचे म्हणजे एफ्रेन जन्मभर दात काढणार!

"काहीतरी कमी करा हो," तो जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. एवढे चामड्याचे व्यापारी रडवले, पण या बाईपुढे त्याची मात्रा चालेना.

"एक मार्ग आहे. आमच्या जुन्या पेशंटनं तुम्हाला पाठवलंय असं फोन करून सांगितलं, तर नऊ लाख सूट! आहे का कोणी ओळखीचं?"

लिबार्दोनं डोळे मिटले. दवाखान्याचा जुना पेशंट त्याच्या ओळखीत एकच होता.

त्यानं एफ्रेनला फोन लावला. "साडूभाऊ," तो घशात अडकलेला काटा काढावा तसा म्हणाला, "जरा एक काम होतं..."

"अरे, लगेच सांगतो दवाखान्यात!" एफ्रेन आनंदानं ओरडला. "तुमच्यासाठी एवढं नाही करायचं तर कोणासाठी?"

इतका खूश का झाला हा माणूस? ते रविवारी कळलं. पेशंट पाठवणाऱ्याला दवाखाना बक्षीस देत असे. एफ्रेन एक भलामोठा, चकाकणारा प्रेशर कुकर बगलेत मारून आला आणि त्यानं तो सासूबाईंना अर्पण केला!

"माझा गुणाचा जावई तो!" सासूबाई कुकर पोटाशी धरून म्हणाल्या. "नाहीतर काही जण नुसते हिशोब सांगतात."

म्हणजे डोळे लिबार्दोचे, पैसे लिबार्दोचे, आणि गुणाचा जावई एफ्रेन! लिबार्दोचा संताप इतका उकळला की त्या कुकरला शिट्टी त्यानंच दिली असती. पण त्यानं गिळला. एकदा लेझर होऊ दे, नोहेमीनं एकदा डोळ्यांत बघू दे, मग कुकर गेला खड्ड्यात!

लेझर झालं. उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नोहेमीला समोर बसवून त्यानं डोळ्यांवरची जाळीदार झाकणं काढली, छाती पुढे काढली, आणि वाट बघू लागला.

नोहेमी बघत राहिली. मग जवळ आली. मग आणखी जवळ आली.

"अहो," ती घाबरून म्हणाली, "डोळे कुठे गेले तुमचे?"

"म्हणजे?"

"एवढेसे झालेत! केवढे टपोरे होते!"

लिबार्दोनं आरशात पाहिलं आणि तसाच दवाखान्याला फोन लावला. "लहान केलेत माझे डोळे! जोडीच्या जोडी आटवलीत!"

"नाही हो साहेब," मारिएला म्हणाली. "ते आहेत तेवढेच आहेत. प्लसच्या काचेतून मोठे दिसत होते, इतकंच. मायनसच्या काचेतून बारीक दिसतात. म्हणून तर तुमच्या साडूंचे आता एवढे मोठे वाटतात!"

लिबार्दोनं फोन ठेवला. नोहेमी खुर्चीत बसून पदराआडून रडावं तशी ॲप्रनमध्ये मुसमुसत होती.

"ज्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्याकडे चपला घ्यायला आले होते ना, त्या दिवशी त्या डोळ्यांकडेच बघत बसले मी. एक नंबर लहान चपला घेऊन गेले, फोड आले पायांना! तरी परत आले!"

"अगं मग अकरा वर्षांत एकदा तरी बोलायचंस!"

"रोज समोर होते की! बोलायचं कशाला?"

"आणि एफ्रेनच्या डोळ्यांबद्दल बरी बोललीस?"

"अहो, बावन्न लाख ओतून आला होता बिचारा! काहीतरी म्हणायला नको?"

लिबार्दोनं खाली मान घालून हळूच विचारलं, "आणि एकोणपन्नास लाख ओतणाऱ्याला काय म्हणतात?"

नोहेमीनं नाक पुसलं. त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा पाहिला.

"स्वच्छ आहेत," ती म्हणाली.