बसची सवय

नानासाहेब मुजुमदार रोज संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येक बसला हात दाखवतात आणि एकाही बसमध्ये चढत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. इंदूरच्या राजवाड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे आणि हा तमाशा बरोबर माझ्या दुकानासमोर चालतो. बस दिसली की नानासाहेब बाकावरून उठतात, टोपी सारखी करतात आणि उजवा हात असा वर करतात की ट्रकसुद्धा थांबावा. बस थांबते. दार उघडतं. नानासाहेब टाचा उंचावून आत डोकावतात, कुणी उतरणारं असेल तर अदबीनं बाजूला सरतात, आणि मग ड्रायव्हरला नमस्कार करून म्हणतात, "बस, हो गया. पधारिये."

"बाबूजी, बैठना है कि खाली दर्शन करना है?" ड्रायव्हर ओरडतो.

"दर्शन ही समझो, भिया."

मी एकदा विचारलं, "नानासाहेब, तुम्हाला कुठे जायचं नसतं, तर हात कशाला दाखवता?"

"सवय मोडता कामा नये."

"तुमची?"

"माझी नाही हो, बसची! आज मी हात नाही दाखवला, तर उद्या ती इथे थांबायचं विसरून जाईल. परवा रस्ताच विसरेल. मग बसा तुम्ही बोंबलत."

मी बोंबलणार नव्हतो. मी पेढे वाटले असते. कारण तो स्टॉप माझा वैरी होता.

मी भुसावळहून इंदूरला आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय माझ्याकडे फक्त घसा होता. दुसऱ्याच्या दुकानात कुलपं विकली, भाव करायला शिकलो, शेवटी स्वतःचं दुकान थाटलं. कुलपं, तिजोऱ्या, आणि आता कॅमेरे. वर मोठी पाटी लावली: चौधरी सुरक्षा भांडार. पाटीचा रंग वाळतो न वाळतो तोच समोर बसस्टॉपचं छप्पर उभं राहिलं. पहिले दोन शब्द छपराआड गेले आणि रस्त्यावरून फक्त 'भांडार' दिसू लागलं. तेव्हापासून लोक माझ्याकडे गूळ मागायला येतात. शेंगदाणे मागतात. एका बाईंनी तर हिंग नाही म्हटल्यावर मलाच चार शब्द सुनावले होते.

तो स्टॉप आजही तिथेच आहे. आणि तो तिथेच राहावा म्हणून सध्या सरकारदरबारी जो अर्ज पडला आहे, तो माझा आहे. हे लिहितानाही माझं डोकं तापतं. पण झालं ते असं.

नानासाहेब जुन्या इंदूरचे. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दरबारी बग्गीखान्यावर होते. त्यामुळे 'ट्रान्सपोर्ट आमच्या खानदानात आहे' असं ते म्हणतात. स्वतः त्यांनी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ऑफिसात केली, आणि सायकलसुद्धा त्यांना येत नाही. लग्न केलं नाही. घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच.

या ताईसाहेबांबद्दलही माझं मत बरं नव्हतं. त्या भंवरकुआंकडे शिवणाचा क्लास घेतात आणि रोज संध्याकाळी बसनं परत येतात. मे महिन्यातसुद्धा गळ्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. बसमधून उतरायच्या आणि नानासाहेबांच्या अगदी समोरून, ते जणू विजेचा खांब असल्यासारख्या, निघून जायच्या. नानासाहेबही दुसरीकडे बघायचे. एका घरात राहणारी सख्खी भावंडं! मी कितीदा तरी "नमस्कार ताईसाहेब" म्हणून पाहिलं. नुसती मान हलवायच्या.

"तुमच्या ताई आमच्याशी बोलत नाहीत," मी एकदा टोचलंच.

"ताई फार बोलत नसते," नानासाहेब म्हणाले आणि बसला हात दाखवायला उठले.

मी समजलो. दरबारी घराणं. कुलूपवाल्याशी काय बोलायचं!

आमच्याकडे मंगळवारी जनसुनवाई असते. ज्याला जे गाऱ्हाणं असेल ते त्यानं घेऊन साहेबांसमोर जायचं. लोक मंगळवारी हनुमानाला जातात, आम्ही दोघं जनसुनवाईला जायचो. मी स्टॉप हटवा म्हणून, नानासाहेब स्टॉपला दिवा लावा म्हणून. आणि जायचो एकत्र. एकाच गल्लीतले, एकाच ठिकाणी चाललेले, मग वेगळं जाऊन काय करणार? मी स्कूटर काढली की ते हात जोडत.

"भिया, बसची तक्रार करायला स्कूटरवर जाऊन राहिले? बसला काय वाटेल?"

म्हणून बसनं. उतरल्यावर आधी पोहे. पोहेवाल्याशी जादा शेवेसाठी भांडायचं काम माझं, वरून जीरावन मसाला किती टाकायचा हे सांगायचं काम त्यांचं. मग तोंड पुसून आत जायचं आणि एकमेकांविरुद्ध उभं राहायचं. तिथले शिपाई आम्हाला भाऊ समजायचे.

सुरक्षेवर आमचा वाद कायमचा. मी म्हणायचो, शहराला कॅमेरे हवेत. त्यावर ते हसायचे.

"तुमचा कॅमेरा काय करतो, सांगा बरं? माणूस पडला की फोटो काढतो. बस माणसाला घराशी उतरवते, तो पडतच नाही. मतलब, सुरक्षा कुठली पक्की?"

"नानासाहेब, माझ्या धंद्यावर येऊ नका."

"धंद्यावर नाही हो. कॅमेऱ्यावर बोलून राहिलो."

यंदा मात्र पारडं माझ्याकडे झुकलं. आमच्या मार्गावरच्या बससाठी द्यायचा पैसा कमी करायचा, असा प्रस्ताव आला. लहान स्टॉप बंद. आमच्या स्टॉपची माणसं चौकापलीकडच्या मोठ्या स्टॉपवर जातील. आणि वाचलेल्या पैशातून चौकात कॅमेरे आणि लोखंडी कठडे, सार्वजनिक सुरक्षेसाठी. कुणाची हरकत असेल तर येत्या मंगळवारी सांगा.

मी जलेबी आणली. गल्लीभर वाटली, नानासाहेबांनाही दिली. त्यांनी शांतपणे खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाले, "जलेबी चांगली आहे. निर्णय वाईट आहे."

मंगळवारी आम्ही नेहमीसारखे बसनं गेलो. त्या दिवशी पोहे मात्र त्यांनी अर्धे ठेवले.

गर्दी फार होती, नंबर यायला दुपार टळली. समोर एक तरुण मॅडम होत्या. नानासाहेबांनी पणजोबांपासून सुरुवात केली. बग्गी, घोडे, घोड्यांना ठरलेल्या दाराशी थांबायची सवय कशी लावत, तिथून बसची सवय. मागचे लोक हसायला लागले. मॅडम मात्र ऐकत होत्या.

"बाबूजी, आप खुद इस स्टॉप से बस में बैठते हो?"

"नहीं."

हशा वाढला.

"आपके घर से कोई आता-जाता है?"

नानासाहेब टोपी काढून तिच्या आत बघत राहिले, जसं काही उत्तर तिथं ठेवलं होतं.

"स्टॉप सबका है, मैडम," शेवटी ते म्हणाले आणि मागे सरकले.

मग माझा नंबर. मी काही लाजणारा माणूस नाही. चौकातले अपघात सांगितले, कॅमेऱ्यांचे फायदे सांगितले, हिंग मागणारी बाई सांगितली. टेबलावर हात आपटला. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"भिया की बात में दम है," मॅडम म्हणाल्या. "दोनों का लिख लिया है. जोड़ना-घटाना हो तो अगले मंगलवार तक."

बाहेर आल्यावर मी छाती काढून चाललो. नानासाहेब घाई करत होते. "उशीर झाला भिया, फार उशीर झाला," एवढंच. बस आली, आम्ही मागच्या दारानं घुसलो. उभं राहायलाही जागा नव्हती. थोड्या वेळानं नानासाहेब एकदम खाली वाकले आणि माझ्या पाठीमागे लपले. माझी पाठ तशी रुंद आहे.

"काय झालं?"

"पुढे ताई आहे."

पाहिलं तर खरंच, पुढच्या बायकांच्या सीटवर तो स्कार्फ.

"मग लपता काय? बहीणच आहे ना?"

"आमचं ठरलेलं आहे," ते म्हणाले. मला काही कळेना.

या बसमध्ये घंटी नाही. उतरायचं असेल तर घसा फाडून "रोकना भिया" म्हणावं लागतं, कारण ड्रायव्हरनं गाणं मोठ्यानं लावलेलं असतं. नाही तर बाहेर कुणी हात दाखवला पाहिजे. आमचा स्टॉप जवळ आला. छपराखालचा बाक रिकामा होता. हात दाखवणारा माणूस तर माझ्या पाठीमागे होता.

ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही.

ताईसाहेब उठल्या. दाराशी गेल्या. किल्ल्यांचा जुडगा दांड्यावर आपटला. तो आवाज त्या गाण्यात बुडाला. त्यांनी तोंड उघडलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या आणि तोंडातून काहीच येत नव्हतं. त्या जोर लावत होत्या आणि नुसती हवा येत होती.

माझ्या दंडात नखं रुतली. "भिया, ओरडा."

"तुम्ही ओरडा ना!"

"माझा आवाज ती ओळखते. ओरडा भिया, पाया पडतो तुमच्या."

भुसावळहून आणलेला तो घसा मी पुष्कळ ठिकाणी वापरला आहे. पण असा कधी नाही. "अबे रोऽऽक!"

ब्रेक लागला. माणसं एकमेकांवर पडली, मला शिव्या बसल्या. ताईसाहेब स्कार्फ सारखा करत उतरल्या. नानासाहेब उतरले नाहीत. मलाही त्यांनी उतरू दिलं नाही. बस चौक ओलांडून गेली आणि आम्ही पलीकडच्या मोठ्या स्टॉपवर उतरलो. ज्या स्टॉपसाठी मी दुपारी टेबल बडवलं होतं, तोच.

परत यायला चौक ओलांडायचा होता. तो मी रोज दुकानातून बघतो, पण त्या गर्दीच्या वेळी पायी कधी ओलांडला नव्हता. चारी बाजूंनी गाड्या, आणि थांबायचं कुणाच्याच मनात नाही. अर्ध्यावर दुभाजकाशी आम्ही अडकलो. तिथे उभ्या उभ्या नानासाहेब बोलले, माझ्याकडे न बघता.

ताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, माझं दुकान यायच्या आधी. जीव वाचला, आवाज गेला. नानासाहेब मग त्यांना क्लासला सोडायला जायचे, आणायला जायचे. एक दिवस ताईंनी कापडावर खुणा करायच्या खडूनं टेबलावर लिहिलं: मी पार्सल आहे का?

"शपथ घातली तिनं. घ्यायला यायचं नाही, सोडायला यायचं नाही. मग मी नाही जात घ्यायला. शपथ म्हणजे शपथ." त्यांनी टोपी सारखी केली. "मी बसला हात दाखवतो. त्यात तिचा काय संबंध? ती कुठल्या बसमध्ये आहे, मला काय माहीत? म्हणून सगळ्यांना दाखवतो."

माझं डोकं सरकलं. "अहो, मग दुपारी मॅडमनं विचारलं, घरचं कुणी येतं का, तेव्हा हे का नाही सांगितलं? तिथल्या तिथे जिंकला असता! मला आडवं केलं असतं!"

"भरल्या हॉलमध्ये सांगू, की माझ्या बहिणीला आवाज नाही?" ते म्हणाले. "ती स्वतः कधी कुणाला सांगत नाही. मी कोण सांगणारा?"

भाव करण्यात माझ्याइतका तरबेज माणूस या रस्त्यावर नाही. समोरच्याच्या हातात हुकूम असताना तो न खेळता उठून जातो, हे मी पहिल्यांदा बघितलं. पुढच्या मंगळवारी आपण काय जोडायचं आणि काय घटवायचं, ते मी तिथेच ठरवलं. ताईंचं नाव न घेता बोलायचं होतं, आणि तेवढा घसा माझ्याकडे होता. छप्पर थोडं वर उचला, हेही त्यात घालणार होतो. फुकट मी कुणाला काही देत नाही.

गाड्यांमध्ये जरा फट पडली, तशी मला समोर माझी पाटी दिसली. भांडार. तिच्यापुढे ते छप्पर, छपराखाली तो बाक, आणि बाकावर, नानासाहेबांच्या जागी, ताई.

त्या घरी गेल्याच नव्हत्या. एकदा गल्लीकडे बघत, एकदा रस्त्याकडे. आमच्या मागून निघालेली बस त्या स्टॉपकडे आली. ताई उठल्या, स्कार्फ सारखा केला आणि उजवा हात वर केला. असा, की ट्रकसुद्धा थांबावा.

बस थांबली. दार उघडलं. ताईंनी टाचा उंचावून आत पाहिलं. एक बाई पोराला घेऊन उतरली, तिला त्यांनी वाट दिली. मग ड्रायव्हरला नमस्कार केला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसल्या.

"चला नानासाहेब," मी म्हणालो, "रस्ता मोकळा आहे."

त्यांनी माझी बाही धरली.

"थांबा भिया," ते म्हणाले. "अजून एक बस येऊ द्या."